आधी फडके, मग तेल
(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)



शाळेच्या पत्रिकेत मुख्याध्यापकांनी परीक्षा, निकाल, शिस्त किंवा स्नेहसंमेलन यांवर लिहावे असा रिवाज आहे. या अंकात आम्ही सायकलच्या चेनवर लिहीत आहोत. विषय मामुली वाटेल. पण त्याचा शाळेच्या हजेरीपटाशी जवळचा संबंध आहे, म्हणून तो सर्वांनी शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे.

आमचे मत थोडक्यात असे. सायकलने शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने आपल्या सायकलची चेन आपल्या घरी, आपल्या हाताने स्वच्छ करावी आणि मग तिला तेल द्यावे. हे काम वडिलांवर, मोठ्या भावावर किंवा दुकानावर टाकू नये. आणि ते कसे करायचे हे शिकवण्याची जबाबदारी शाळेने घ्यावी.

सायकल आणि हजेरीपट

संतपूरच्या परिसरातील खेड्यांत आणि तांड्यांवर वरच्या वर्गांची शाळा नसते. सातवीनंतर मुलांना बहुधा गावाबाहेर पडावे लागते, आणि नेमक्या याच वळणावर पुष्कळ मुलींचे शिक्षण सुटते. हे ओळखून कर्नाटक शासनाने २००६-०७ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली. त्याच सुमारास बिहार शासनाने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. बिहारच्या योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. त्यांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की माध्यमिक शाळेत नाव दाखल करणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि या बाबतीत मुलगे व मुली यांच्यात जी तफावत होती ती ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळेपासून लांब असलेल्या गावांत हा फरक विशेष दिसला. दोन चाकांनी एवढे काम केले.

कर्नाटकातील हे सायकल-वाटप २०२० साली, कोरोनाच्या साथीच्या काळात थांबले. जून २०२३ पासून महिलांना आणि मुलींना सरकारी बसने मोफत प्रवास करता येऊ लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बस प्रत्येक तांड्यावर जात नाही, आणि जिथे जाते तिथे ती शाळेच्या घंटेप्रमाणे येतेच असे नाही. त्यामुळे सायकलची गरज संपलेली नाही. आज मुलांच्या हाती जी सायकल असते ती पुष्कळदा मोठ्या बहिणीची किंवा भावाची असते, नाहीतर वडिलांनी मजुरीच्या पैशातून घेतलेली असते. ती निकामी झाली तर लगेच दुसरी येणार नसते.

खेड्यातली सायकल एका दिवसात मरत नाही. टायर पंक्चर झाला तर गाडी जागच्या जागी थांबते, म्हणून पंक्चर लगेच काढले जाते. चेन मात्र महिनोन्‌महिने सूचना देत राहते आणि आपण ऐकत नाही. आधी ती कुरकुरते. मग जड होते. मग उताराला, खड्ड्यात, चढावर पडू लागते. आठवीतली मुलगी रस्त्याच्या कडेला बसून काळ्या हातांनी चेन बसवते, उशिरा शाळेत पोचते, आणि चार मुलांसमोर तिला उशिराचे कारण सांगावे लागते. असे दोन-चार वेळा झाले की ती म्हणते, "सायकल नको." सायकल भिंतीला टेकते. तिच्यावर कपडे वाळत पडतात, कोंबड्या बसतात, आणि एके दिवशी भंगारवाला येतो. त्या घरातल्या मुलीची गैरहजेरी त्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असते. आमच्या दृष्टीने गंजलेली चेन हा म्हणून शिक्षणाचा प्रश्न आहे.

एक छोटे गणित

चेनला किती काम पडते याचा हिशेब आपण सहसा करत नाही. तो विद्यार्थ्यांनी वहीत करावा. समजा, पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ आहेत. (आपापल्या सायकलचे दाते मोजून घ्या, आकडे वेगळे निघतील.) पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. मोठ्या काळ्या सायकलच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. शाळा ५ किलोमीटरवर असेल तर पायडलचे सुमारे ९२५ फेरे होतात, आणि चेनच्या ४० हजारांहून अधिक कड्या पुढच्या चक्रावरून जातात.

चेनमध्ये ११२ कड्या आहेत असे धरले तर प्रत्येक कडी या प्रवासात सुमारे ३६० वेळा पूर्ण चक्कर मारते. दर चकरेत ती चार ठिकाणी वाकते किंवा सरळ होते: पुढच्या चक्रावर चढताना, त्यावरून उतरताना, मागच्यावर चढताना आणि उतरताना. जाऊन-येऊन १० किलोमीटरचा हिशेब केला तर एकेक कडी दिवसाला तीन हजारांच्या जवळपास वेळा वाकते. त्या कडीच्या आत एक बारीक खिळा आणि त्याभोवती एक नळी असते. त्या दोघांमध्ये वाळूचा एक कण शिरला तर तो दिवसातून तीन हजार वेळा घासणार.

"चेन लांबली" असे आपण म्हणतो. वास्तविक लोखंड रबरासारखे ताणले जात नाही. खिळा आणि नळी झिजतात, प्रत्येक कडीत थोडी पोकळी पडते, आणि शंभरावर कड्यांची पोकळी एकत्र येऊन चेन सैल होते. सैल चेन दात्यांवर नीट बसत नाही. ती दातेही झिजवते. मग चेनबरोबर फ्रीव्हील आणि पुढचे चक्रही बदलावे लागते, आणि खर्च कितीतरी वाढतो.

आज जगभरच्या सायकलींवर जी चेन दिसते तिची रचना हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरमधील कारखानदाराने १८८० साली केली. सुमारे दीडशे वर्षांत तिच्यात मूलभूत बदल झालेला नाही, इतकी ती उत्तम आहे. १९९९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेनवर प्रयोग झाले. चांगल्या परिस्थितीत पायाच्या शक्तीपैकी ९८ टक्क्यांहून अधिक शक्ती चेन मागच्या चाकाला पोचवते असे त्यांत दिसले. आणखी एक गोष्ट दिसली, ती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर तेलामुळे फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ तेल नको असा नाही. रस्त्यावर धूळ असते, पाऊस असतो, आणि तिथे तेलाचे मोठे काम धूळ व पाणी आत शिरू न देण्याचे आणि गंज रोखण्याचे आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फडके, मग तेल. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमके उलटे होते. चेन कुरकुरली की धुळीने भरलेल्या चेनवरच तेलाची धार सोडतात. कुरकुर थांबते आणि सर्वांना बरे वाटते. पण तेल आणि वाळू मिळून सहाणच तयार होते. सहाणेवर चंदन झिजले तर सुगंध तरी येतो. इथे फक्त चेन झिजते.

आपली माती, आपला पाऊस

आपल्या भागात हे काम इतर ठिकाणांपेक्षा जास्त गरजेचे आहे. बिदरच्या पठारावरची तांबडी माती उन्हाळ्यात बारीक पीठ होऊन उडते. मांजरेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात अशी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती घट्ट बसून चाक फिरेनासे होते. तोच चिखल चेनवर उडतो, वाळतो आणि पुन्हा भिजतो. पाणी आणि हवा मिळाली की लोखंडाला गंज चढतो, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतोच. पावसाळ्यात ओली सायकल तशीच उभी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चेनवर तांबूस थर दिसू लागतो.

माती आणि धातू यांचे नाते आपल्या जिल्ह्याइतके कोणाला माहीत असणार? बिदरी काम करणारे कारागीर जस्त-तांब्याचे भांडे घडवतात, त्यात चांदी बसवतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती वापरून ते काळे करतात. चांदी मात्र पांढरीच राहते. मग भांडे धुऊन, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवतात. तिथेही क्रम तोच आहे: धुणे, पुसणे, मग तेल. आपल्या शेजारचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे जाणतात. आपण ते सायकलपर्यंत आणायचे आहे.

काम कसे करावे

मित्रांनो, साहित्य घरचेच आहे. जुन्या सुती कपड्याची तीन-चार फडकी, जुना दात घासायचा ब्रश, खाली पसरायला वर्तमानपत्र, थोडे रॉकेल किंवा डिझेल, आणि सायकलचे तेल. रॉकेल आता घरोघरी राहिलेले नाही. ते नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरचे कोमट पाणी चालते, पण मग चेन पूर्ण वाळवणे अत्यंत आवश्यक आहे.

१. सायकल उघड्यावर, सावलीत उभी करा. रॉकेल किंवा डिझेल वापरणार असाल तर चूल, गॅस, उदबत्ती, विडी जवळपास नको. पेट्रोल कधीही वापरू नये. लहान वर्गातील मुलांनी हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे. मुलींनी ओढणी नीट खोचून घ्यावी.

२. कोरड्या फडक्यात चेन हलकी धरा आणि दुसऱ्या हाताने पायडल उलटे फिरवा. उलटे फिरवताना मागचे चाक फिरत नाही, म्हणून काम सोपे होते. फडके चक्रांपासून दूर, खालच्या बाजूला मध्यावर धरा. बोट दात्यांत सापडले तर गंभीर इजा होते. वरची सैल धूळ आणि काळा मळ या पहिल्या पुसण्यातच निघतो.

३. ब्रश रॉकेलमध्ये किंचित बुडवून चेनच्या चारही बाजू घासा. पुढच्या चक्राचे आणि फ्रीव्हीलचे दातेही घासा. फ्रीव्हीलवर रॉकेलची धार सोडू नका, त्याच्या आतले तेल वाहून जाईल. गंज हट्टी असेल तर थोडा वेळ थांबून पुन्हा घासा.

४. स्वच्छ फडक्याने पुसा. फडके काळे होणे थांबेपर्यंत पुसत राहा. नंतर चेन वाळू द्या. पावडरचे पाणी वापरले असेल तर साध्या पाण्याने फडके ओले करून पुसा, उन्हात ठेवा, आणि पूर्ण वाळताच तेल द्या. वाळलेली, बिनतेलाची चेन रात्रभर ठेवू नका.

५. आता तेल. चेनच्या खालच्या भागावर, आतल्या बाजूने, प्रत्येक कडीच्या रुळावर एकेक थेंब टाका. ११२ कड्यांना ११२ थेंब, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक चमचाभर तेल. पायडल उलटे फिरवत पुढे सरका.

६. पायडल वीस-तीस वेळा उलटे फिरवा, पाच-दहा मिनिटे थांबा, आणि मग बाहेरचे तेल पुसून काढा. ही पायरी लोक हमेशा विसरतात. तेलाचे काम कडीच्या आत आहे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते. चाकाच्या रिमला किंवा ब्रेकच्या रबराला तेल लागू देऊ नका. लागले तर साबणाच्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

७. शेवटी तपासणी. चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहा. अर्धा ते पाऊण इंच हालचाल ठीक. जास्त सैल असेल तर मागचे चाक थोडे मागे ओढून आवळावे लागते. ते मोठ्या माणसाकडून किंवा दुकानात करून घ्या. चेनला जोडणारी क्लिप असेल तर तिचे बंद टोक चेनच्या पुढे जाण्याच्या दिशेला आहे ना, तेही पाहा.

झीज मोजायला बारा इंची फूटपट्टी पुरे. चेनच्या दोन लागोपाठच्या खिळ्यांत अर्धा इंच अंतर असते. एका खिळ्याच्या मध्यावर शून्य ठेवले तर त्यापुढचा २४ वा खिळा बरोबर १२ इंचांवर यायला हवा. तो एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर पुढे गेलेला असेल तर चेन संपली असे समजा. त्या चेनवर कितीही तेल घातले तरी उपयोग नाही.

पहिल्या वेळी या कामाला पाऊण तास लागेल. नंतर अर्धा तास पुरतो. कोरड्या दिवसांत आठवड्याला एकदा पुसावे आणि पंधरा दिवसांनी तेल द्यावे. पावसाळ्यात सायकल भिजली की त्याच संध्याकाळी पुसावी आणि दर आठवड्याला तेल द्यावे.

एक सूचना पालकांसाठी, ती काळजीपूर्वक वाचावी. रॉकेल किंवा डिझेल पाण्याच्या अथवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये. लहान मूल पाणी समजून पिते आणि जिवावर बेतते. वापरलेले काळे रॉकेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात ओतू नये. झाकणाच्या डब्यात ठेवावे. गाळ खाली बसला की वरचे पुन्हा वापरता येते.

कोणते तेल?

घरात असेल ते तेल चेनला घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. करडई आणि जवस आपल्या भागातली पिके, म्हणून ती तेलेही वापरली जातात. ही दोन्ही तेले हवेत वाळून चिकट होतात. जवसाचे तेल रंगात आणि वॉर्निशमध्ये घालतात ते याच गुणामुळे. चेनवर त्यांचा डिंक होतो आणि कड्या आखडतात. खोबरेल तेल तसे वाळत नाही, पण २४ अंशांच्या खाली ते गोठू लागते, आणि आपल्याकडे थंडीतल्या सकाळी पारा त्याहून पुष्कळ खाली असतो. ही तेले ताटात आणि डोक्यावरच शोभतात.

ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून ते घालू नये. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात, आणि ते कातडीलाही अपायकारक असते. ग्रीसही चेनसाठी नाही. ते चाकाच्या आणि पायडलच्या छर्ऱ्यांसाठी आहे. चेनच्या बाहेर लावले तर आत जात नाही आणि धूळ धरून ठेवते. शिलाई मशीनचे तेल कोरड्या दिवसांत चालते, पण ते पातळ असल्याने लवकर उडून जाते आणि वरचेवर द्यावे लागते. पावसाळ्यासाठी मोटारसायकलचे नवे इंजिन ऑइल थोडेसे वापरले तरी काम होते. चमचाभर तेलाला खर्च तो किती!

पालकांचे आक्षेप

या विषयावर पालकांशी बोलताना काही आक्षेप आम्ही ऐकतो. त्यांचा विचार करणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप: दुकानात पाच मिनिटांत काम होते, मुलाचा वेळ कशाला घालवायचा? दुकानात सायकल नेणे, थांबणे, परत आणणे यात अर्धा तास जातोच, आणि गर्दीच्या वेळी दुकानदारही घाईत तेलाची धारच सोडतो. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. चाकाची आग काढणे, छर्रे बदलणे, तारा कसणे ही कसबाची कामे त्यांचीच आहेत आणि त्यांचा योग्य मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. पण दात घासायला कोणी दवाखान्यात जात नाही.

दुसरा आक्षेप: दहावीचे वर्ष आहे, त्याने अभ्यास करावा. महिन्यातून दोन रविवारी अर्धा-अर्धा तास दिल्याने कोणाचे गुण कमी होतील असे आम्हाला वाटत नाही. उलट घर्षण, गंज, गुणोत्तर, परीघ हे चार धडे त्या अर्ध्या तासात हातात येतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'नई तालीम' हा शब्द आम्ही प्रथम वाचला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार महात्मा गांधींनी तिथे मांडला, आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला. तो विचार आता पुस्तकात उरला आहे. त्याला पुन्हा हात लावायचा तर सायकलच्या चेनइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तो सर्वांत खोल आहे. काळे हात म्हणजे कमीपणा, असे पुष्कळांना वाटते. मुलगा शिकला म्हणजे त्याने हात काळे करू नयेत, आणि मुलीने तर पाना हातात धरूच नये. इथे आम्ही स्पष्ट मतभेद नोंदवतो. याच जिल्ह्यातील कल्याणात, आजच्या बसवकल्याणमध्ये, बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि शरणांनी कायकाची, म्हणजे श्रमाची प्रतिष्ठा सांगितली. चांभार, परीट, लाकूडतोडे अनुभवमंटपात बरोबरीने बसत. ते आपण जयंतीला भाषणात सांगतो आणि घरी मुलाला म्हणतो, "ते काम तुझे नाही."

सीमाभागातलेच आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळला, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावच्या सायकलींच्या छोट्या दुकानाने झाली असे मानले जाते. लक्ष्मणराव आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी ते दुकान चालवले. पुढे तिथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार झाले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षकाची पांढरपेशी नोकरी केलेल्या माणसाने तेलकट कामात कमीपणा मानला नाही, म्हणून शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर आला. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने कारखाना काढावा असे आमचे म्हणणे नाही. आपले यंत्र आपण उघडून पाहण्याची भीती मात्र जावी.

मुलींबद्दल तर आम्ही अधिक आग्रही आहोत. निर्जन रस्त्यावर चेन पडली तर मदतीसाठी येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहत तिने का उभे राहावे? जिला चेन बसवता येते, सैल झाली की घट्ट झाली हे कळते, ती मुलगी निर्धास्त घराबाहेर पडते. आणि तिचे आई-वडीलही तिला निर्धास्त पाठवतात.

विश्वस्त मंडळास विनंती

याकरिता आम्ही संस्थेसमोर चार साध्या सूचना ठेवत आहोत.

एक, सायकल-स्टँडवर पत्र्याचे छप्पर घालावे. दिवसभर पावसात उभ्या राहिलेल्या सायकलीला घरी कितीही तेल दिले तरी ते अपुरेच पडणार. मुलांना आम्ही काळजी घ्यायला सांगतो तेव्हा आमच्याकडून होणारी हेळसांड आधी थांबली पाहिजे.

दोन, स्टँडजवळ एक पेटी ठेवावी. तिच्यात फडकी, ब्रश, तेलाची बाटली, पान्यांचा एक संच आणि हात धुण्याचा साबण असावा. पेटीची जबाबदारी पाळीपाळीने आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांकडे राहील.

तीन, महिन्यातून कार्यानुभवाचा एक तास सायकलसाठी द्यावा. गावातील एखाद्या अनुभवी सायकल कारागिराला त्या तासाला सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे. त्या दिवशी ते आमचेही गुरुजी. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला. आपली शाळा त्याच सुमारास उघडते आणि पाऊसही तेव्हाच येतो. वर्षाची पहिली सायकल-तपासणी त्या आठवड्यात करता येईल.

चार, स्नेहसंमेलनात एक बक्षीस उत्तम राखलेल्या सायकलीला द्यावे. अट एकच: सायकल जुनी असावी. नवी सायकल पैशाने चमकते, जुनी हाताने.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या रविवारी सकाळी चेन पुसून पाहा. पुसण्याआधी चाक उचलून पायडल फिरवा आणि आवाज ऐका. तेल दिल्यावर पुन्हा फिरवा. दोन्ही आवाजांतला फरक सोमवारी वर्गात सांगा. आणि घरात धाकटे भावंड असेल तर फडके धरायला त्याला जवळ बसवा. पुढच्या वर्षी तीच सायकल त्याच्या वाट्याला येणार आहे.

आपले स्नेहांकित,
मुख्याध्यापक